सीनाकाठच्या वस्तीवरील घराला पुराचा विमा मिळतो का?

सीनाकाठ (प्रश्नकर्ता)

आमचे घर उत्तर सोलापूर तालुक्यात, सीनेच्या पात्रापासून साधारण चारशे मीटरवर, शेतातील वस्तीवर आहे. जुना भाग पांढऱ्या मातीचा, धाब्याचा असून त्याला लागून २०१७ साली आरसीसीच्या तीन खोल्या बांधल्या. सप्टेंबर २०२५ च्या पुरात पाणी पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले आणि नव्या खोल्यांत कमरेपर्यंत चढले. धाब्याची उत्तरेकडील भिंत मात्र पुरात पडली नाही. पाणी ओसरून कडक ऊन पडल्यावर, तिसऱ्या दिवशी बसली.

बांधकामासाठी काढलेल्या कर्जासोबत विमाही काढलेला आहे, असे बँकेने आम्हाला तेव्हा सांगितले होते. आता कागद उघडून पाहिले, तर तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघाला. घराचा त्यात उल्लेखही नाही. वडिलांचे म्हणणे असे की, एवढे पाणी त्यांच्या हयातीत आले नव्हते, तेव्हा पुन्हा येणार नाही आणि विम्याचा हप्ता म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. मला ते पटत नाही, पण त्यांना सांगायला माझ्याकडे आकडाही नाही. पुरासाठी घराचा वेगळा विमा असतो का, वस्तीवरच्या घराला तो मिळतो का, आणि उसाचे जे नुकसान झाले ते पीक विम्यात बसते का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना सर्वेक्षक, पंढरपूर

मी बरीच वर्षे नुकसानीचे सर्वेक्षण केले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पुराचा असा वेगळा विमा सहसा नसतो. तो घराच्या आगविम्यातच येतो. 'आग' हे नाव ऐकून लोक तो कागद बाजूला ठेवतात, ही जुनीच अडचण आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी लागू आहे आणि तिच्यात आग, वीज, भूकंप यांच्याबरोबर वादळ, पूर आणि जलमयता हे धोके मूळ पॉलिसीतच धरलेले आहेत. विमा रक्कम ठरते ती चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढ्यावर. जागेची किंमत त्यात येत नाही, त्यामुळे रक्कम आपल्याला वाटते तितकी मोठी निघत नाही. इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरसामानाला आपोआप संरक्षण मिळते. ढिगारा उचलण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची एकदम काढता येते.

आता तुमची अडचण. आरसीसीच्या खोल्यांबाबत प्रश्न येऊ नये, परंतु धाब्याच्या भागाविषयी प्रस्ताव अर्जातच स्पष्ट लिहा आणि कंपनीचे उत्तर लेखी घ्या. 'सगळे एकच घर' असे मोघम लिहून दिले आणि उद्या मातीचीच भिंत पडली, तर वाद तिथेच सुरू होतो. दुसरी गोष्ट कागदाची. वस्तीवरची कित्येक घरे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीला, लागलेली नसतात. शेताचा सातबारा असतो, पण घराचा कागद नसतो. आधी ती नोंद करून घ्या आणि ती ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने विमा काढा. नोंद वडिलांची आणि पॉलिसी मुलाची, असे झाले की दाव्याच्या वेळी विम्यायोग्य हितसंबंध, म्हणजे घराचे नुकसान ते आपलेच नुकसान, हे सिद्ध करताना दमछाक होते.

भिंत तिसऱ्या दिवशी पडली म्हणून दावा आपोआप बाद होत नाही. पांढरी माती पाणी पिते, फुगते आणि वाळताना तडकते. पडण्याचे जवळचे कारण पूरच असते. मात्र ते दाखवावे लागते. पाणी ओसरताच भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेचे, तारीख दिसेल असे फोटो काढावेत, शेजारी काठी किंवा माप धरावे, आणि सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेले सामान फेकून देऊ नये. गावात पहिल्याच दिवशी गाद्या, धान्य, फ्रीज सगळे उकिरड्यावर जाते. आम्ही पोहोचतो तेव्हा झाडून पुसून स्वच्छ घर दाखवले जाते. घर लख्ख आणि दावा कोरडा!

गोठा, जनावरे, विहिरीवरची मोटार आणि विक्रीसाठी साठवलेला कांदा हे घरसामान ठरत नाही. त्यांचा विमा स्वतंत्र. जनावरांच्या विम्यात कानातला बिल्ला हरवला की दावा अडतो, हेही ध्यानात ठेवा.

बांधावरचा, मोहोळ

एवढा खटाटोप कशासाठी? पंचनामा झाला की शासनाची मदत मिळतेच.

जुना सर्वेक्षक, पंढरपूर

मिळते, पण ती मदत आहे, भरपाई नव्हे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरासाठी १,२०,००० रुपये आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये ठरवलेले होते. राज्य कधी त्यात भर घालते. पण प्रश्नकर्त्यांचे घर उभे आहे, एक भिंत पडली आहे आणि आतले सगळे भिजले आहे. म्हणजे मूळ निकषाने ते 'अंशतः'मध्ये बसतात. ६,५०० रुपयांत तीन खोल्यांचे वायरिंगही होणार नाही.

उसाबद्दल सांगायचे राहिले. आपल्या राज्यात प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या अधिसूचित पिकांत ऊस नाही, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटतो. सोयाबीन, तूर, कांदा यांचा विमा निघतो; परंतु २०२५ च्या खरिपापासून राज्याने स्थानिक आपत्तीचा, म्हणजे एकेका शेतातील नुकसानीचा, निकष वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातील निवडक शेतांत मोजलेल्या सरासरी उत्पन्नावर, ठेवली. तुमच्या एकट्याच्या रानात पाणी उभे राहिले आणि मंडळाची सरासरी ठीक आली, तर हाती काही लागत नाही.

पाटबंधाऱ्यातला, सोलापूर

वडिलांच्या म्हणण्यावर लिहितो, कारण असे म्हणणारे ते एकटे नाहीत.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यातला 'एकदा' हा शब्द फार फसवतो, कारण त्याचा अर्थ आज आला म्हणजे पुढची २४ वर्षे सुटी, असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच आहे. हा हिशेब २० वर्षांच्या गृहकर्जाला लावला, तर त्या काळात निळ्या रेषेचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. लाल रेषेसाठी ३० वर्षांत ती २६ टक्के आहे. वडिलांना हा आकडा दाखवा. तुमच्या भागात रेषा आखलेली आहे का, हे जलसंपदा विभागाकडे लेखी विचारा. आखलेली नसेल तर भिंतीवरची परवाची चिखलाची रेषा हाच तुमचा नकाशा.

आणखी एक गैरसमज. आपल्याकडे पाऊस झाला की जो तो उजनीचा विसर्ग विचारतो. उजनी भीमेवर आहे. तिऱ्हे, लांबोटी, वडकबाळ या पुलांखालून वाहणारे पाणी सीनेचे, म्हणजे अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवकडच्या पावसाचे आहे. वर सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी हे प्रकल्प भरले की ते खाली येते. आपल्या अंगणात ऊन असताना पूर येतो तो असा. भीमेचा संबंध येतो तो दक्षिण सोलापूरच्या टोकाला, हत्तरसंग कुडलच्या संगमाजवळ, जिथे भीमा तुडुंब असली की सीनेला फुगवटा बसतो.

अक्कलकोटची लेक, आयोवा

मी गेली काही वर्षे अमेरिकेत आयोवा राज्यातील एका ग्रामीण कौंटीत राहते. मका आणि सोयाबीनचा मुलूख आहे, आणि नदीचा धाकही तसाच. इथे रचना उलटी आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर मुद्दाम वगळलेला असतो आणि १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमातून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. राहत्या घराला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,००० डॉलर. त्यातही गावाने किंवा कौंटीने पूरक्षेत्रातील बांधकामाचे नियम स्वीकारले असतील तरच तिथल्या रहिवाशाला ही पॉलिसी मिळते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांचा थांबा असतो, म्हणजे नदी फुगल्याची बातमी ऐकून धावण्यात उपयोग नाही.

पुराच्या नकाशात दर वर्षी १ टक्का शक्यतेच्या क्षेत्रात घर असेल तर कर्ज देणारी बँक पूरविमा सक्तीने घ्यायला लावते. म्हणून क्षेत्राबाहेरचे लोक स्वतःला सुरक्षित समजतात. सीडर रॅपिड्स शहरात जून २००८ मध्ये सीडर नदी ३१.१२ फुटांवर गेली. आधीचा उच्चांक २० फुटांचा होता. ५०० वर्षांच्या पुराची पातळीही ओलांडली गेली आणि नकाशाबाहेरची कितीतरी घरे, अर्थातच विम्याविना, बुडाली. तुमच्या वडिलांसारखे बोलणारे आजोबा इथेही भेटतात, फक्त त्यांच्या डोक्याला टोपी निराळी असते.

सीनाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ५६ टक्क्यांचा आकडा काल जेवताना वडिलांना सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावावर आहे, असे त्यांनीच विचारले. तो काढला, तर घराची नोंद अजून दिवंगत आजोबांच्या नावावर आहे आणि २०१७ च्या खोल्या त्यात नाहीतच. सोमवारी ग्रामपंचायतीत अर्ज देतो. वारस नोंद होईपर्यंत फक्त आरसीसीच्या भागाचा विमा काढता येईल का, एवढे सर्वेक्षक साहेबांनी सांगावे.

जुना सर्वेक्षक, पंढरपूर

त्या खोल्यांची नोंद झाली की काढता येईल. आकारणी वेगळी दाखवून घ्या आणि कर्जाचे मंजुरीपत्र अर्जाला जोडा. घाई मात्र करा, कारण वारस नोंदीला वेळ लागतो आणि जूनमध्ये पाऊस सुरू होतो.