कम्युनिटी रेडिओवर राजकारण बोलायचंच नाही का? कांद्याचा कार्यक्रम अडकलाय

लाल_कांदा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारते. मी कांदापट्ट्यातल्या एका कम्युनिटी रेडिओवर (म्हणजे आसपासच्या गावांपुरता, स्थानिक लोकांसाठी चालणारा छोटा रेडिओ) आठवड्यातून दोनदा शेतकऱ्यांचा कार्यक्रम करते, मानधन वगैरे नाही, आवड म्हणून. लोकांचे फोन आधी रेकॉर्ड करून घेतो आणि मग लावतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली तेव्हा फोन थांबेचनात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरून ठेवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. एक मावशी सांगत होत्या, लिलाव बंद म्हणून ट्रॅक्टर दोन दिवस तसाच उभा, मालक रात्री ट्रॉलीखालीच झोपले, खालच्या थराला पाणी सुटायला लागलं. आणि मग म्हणाल्या, "बांगलादेशात आमचा कांदा जातो, तर दिल्लीनं एका रात्रीत दार कसं लावलं, अन् आमचा खासदार तिकडं काय बोलला ते तरी सांगा."

रेडिओ केंद्र चालवणाऱ्या आमच्या सरांनी पूर्ण ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले हे नाही लावता येणार, लायसन्स जाईल. फाईल अजून हार्डडिस्कवर पडून आहे. आता परत कांद्यावर मालिका करायचं चाललंय म्हणून विचारते, असा नियम खरंच आहे का? आणि मावशींच्या त्या एका बोलण्यात गाव, दिल्ली, बांगलादेश सगळं एकत्र आहे, त्यातलं राजकारण वेगळं काढायचं कसं?

माईकवाली_ताई
नियम आहे गं, सरांवर रागावू नकोस. मी नऊ वर्षं एका केंद्रावर काम केलंय. परवानगीच्या अटींतच लिहिलेलं असतं की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायचे नाहीत, आणि जे लावलं त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं, म्हणजे कोणी तक्रार केली की ऐकवायला लागतं. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावल्या तर चालतात. हवामान, पाणी-वीज कधी बंद, परीक्षा, नोकरीच्या जागा, आरोग्याच्या सूचना, हे बातम्यांत धरत नाहीत. बाजारभाव तर आम्ही रोज सांगायचो.

आम्ही काय करायचो सांगते. पक्ष नाही, नेता नाही, उमेदवार नाही, पण व्यवस्था कशी चालते ते सगळं. ग्रामसभा कधी भरते, अजेंड्याची नोटीस कुठे लावायला पाहिजे, पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च करता येतो. एकदा पाणीपुरवठ्याच्या कार्यक्रमानंतर पुढच्या ग्रामसभेला बायका इतक्या आल्या की ग्रामसेवकाला सतरंज्या शेजारच्या शाळेतून आणाव्या लागल्या. नाव कोणाचंच घेतलं नव्हतं आम्ही. तू निर्यातबंदी म्हणजे काय, किमान निर्यात मूल्य म्हणजे काय, परदेशात माल जातो कसा, हे एखाद्या कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना बोलावून समजावून सांग. ते नक्की बसतं.

वकिली_शिकतोय
माईकवाली ताई तुमचा अनुभव मोठा आहे पण मला हे पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या केसमध्ये सांगितलं की प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे. त्याच निकालाने पुढे वाट मोकळी केली, २००२ ला शिक्षणसंस्थांना रेडिओ काढायची परवानगी मिळाली, २००६ ला स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना. मग २००८ ला तेलंगणात (तेव्हाच्या आंध्रात) झहीराबादजवळ दलित बायकांनी संघम रेडिओ सुरू केला, आणि त्याच सुमाराला आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग. म्हणजे ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं त्यांच्या हातात माईक दिला आणि सांगितलं, बोला, पण तुमच्यावर राज्य कसं चाललंय ते सोडून.

पेपरला मोकळीक, टीव्हीला मोकळीक, मोबाईलवर कोणीही चॅनल काढून काहीही बोलतो, आणि १०० वॅटचा ट्रान्समीटर ज्याचा आवाज दहा-बारा किलोमीटरच्या पुढे जात नाही त्याला बंदी? २०१३ ला कॉमन कॉज संस्थेने याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात याचिका केली होती. हे लोकांना माहीत तरी व्हायला पाहिजे.

काठमांडूची_थंडी
मी कामानिमित्त बरीच वर्षं नेपाळमध्ये होतो म्हणून लिहितोय, थोडं लांबेल. तिथं रेडिओ सगरमाथा १९९७ पासून चालतो, दक्षिण आशियातला पहिला स्वतंत्र सामुदायिक रेडिओ, आणि तिथे राजकारणावर उघड चर्चा व्हायची, डोंगरातल्या गावांत पेपर दोन-तीन दिवसांनी पोचायचा त्यामुळे लोकांना रेडिओच सगळं काही. १ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्रने सत्ता हातात घेतली आणि एफएमवर बातम्या बंद, फक्त गाणी लावा म्हणून हुकूम. तर रेडिओवाल्यांनी काय केलं, बातम्या गाण्यात बसवून म्हणायला लागले, आणि पत्रकार रस्त्यावर भोंगा लावून बातम्या वाचायचे. नोव्हेंबरात बीबीसीच्या नेपाळी सेवेवर माओवादी नेता 'प्रचंड' याची मुलाखत होती, ती लावणार म्हणून सगरमाथावर पोलीस शिरले, सामान उचलून नेलं, माणसं पकडली. पुढच्या एप्रिलात लोक रस्त्यावर उतरले आणि राजाला मागे हटावं लागलं.

मला यातलं एक कायम लक्षात राहिलंय, बंदीच्या दिवसांत आमच्या गल्लीतला चहावाला रेडिओ बंद करायचा नाही, नुसती गाणी चालू असली तरी. म्हणायचा, मध्येच काहीतरी सांगतील.

पारावरचा
सगळं खरं, पण आमच्या गावात रेडिओवर राजकारण सुरू झालं तर पंधरा दिवसांत तो सरपंचाचा नाहीतर कारखान्याच्या चेअरमनचा रेडिओ होईल. केंद्राला जागा कोणाची, लाईटबिल कोण भरतो, ते बघा आधी. मला बंदी आवडत नाही पण ही भीती खोटी नाही.

मेलबर्नकर
पारावरचा दादा, तुमच्या भीतीवर इकडे एक उपाय आहे. मी मेलबर्नला असतो, इथे थ्रीसीआर नावाचं स्टेशन १९७६ पासून चालतं, कामगार संघटना, आदिवासी, निर्वासित सगळे तिथं राजकारण बोलतात, अगदी बाहेरच्या देशांचंही. दरवर्षी जूनमध्ये श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करतात, त्यामुळे एकाच माणसाच्या खिशावर स्टेशन चालत नाही. आणि कायदाच असा आहे की निवडणुकीच्या काळात एका पक्षाचा प्रचार लावला तर संसदेत असलेल्या बाकीच्या पक्षांनाही रास्त संधी द्यायलाच लागते. म्हणजे बोलूच नका असं नाही, एकट्यालाच बोलू देऊ नका असं.

लाल_कांदा
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री ती फाईल परत उघडली. माईकवाली ताई, तुम्ही म्हणता तसं प्राध्यापकांना विचारलंय, ते यायला तयार आहेत. मावशींचा ट्रॅक्टर, पाणी सुटलेला कांदा, लिलाव, हे सगळं ठेवतेय. बांगलादेशचं वाक्यही ठेवतेय, तो व्यापार आहे, सरांना तसंच सांगणार. खासदाराच्या वाक्यापाशी मात्र अडलेय. ते चार सेकंद कापून बघितले तर मावशी नुसत्या रडगाणं गातायत असं ऐकू येतं, आणि त्या रडत नव्हत्या हो, जाब विचारत होत्या. कापायच्या आधी मावशींना फोन करून विचारावं का? तुम्ही कोणी असं केलंय का कधी?