मदत हवी आहे: जुन्या लिथियम-आयन सेलमध्ये धातूरूप लिथियम साचलंय हे न उघडता कसं ओळखावं?

१८६५० आकाराचे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट कॅथोडचे) सेल आहेत. क्षमता 2.5 वरून 2.0 अँपिअर-अवरवर आली आहे, अंतर्गत रोधही वाढलाय. उन्हाळ्यात 4.2 व्होल्टला भरून ठेवल्यामुळे ग्रॅफाइटवरचा (म्हणजे ॲनोडवरचा) एसईआय थर, इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून बनणारा पापुद्रा, जाड झाला आणि लिथियम त्यातच अडकलं, इथपर्यंत पटतं. पण थंडीत जलद चार्जिंगही झालंय; त्यात लिथियम ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्यावर धातू म्हणून साचू शकतं, खरी काळजी त्याचीच.

25 अंशांवर सी/20 ने (सुमारे 20 तासांत रिकामा होईल इतक्या संथपणे) डिस्चार्ज करून डीव्ही/डीक्यू आलेख (काढलेल्या चार्जनुसार व्होल्टेज किती बदलतं त्याचा) काढला. ग्रॅफाइटच्या शिखरांमधलं अंतर जवळपास तेवढंच आहे. म्हणजे ॲनोड शाबूत, लिथियमच घटलं. ते एसईआयमध्ये गेलं की धातू होऊन साचलं, हे मात्र यातून कळत नाही.

थंडीत चार्ज करून लगेच सेल नुसता ठेवल्यावर व्होल्टेज उतरताना मधेच रेंगाळलं, तर ते परत विरघळणारं लिथियम मानतात. पण ग्रॅफाइटपासून तुटलेलं, मृत लिथियम यात दिसणारच नाही. त्यासाठी कोणती चाचणी भरवशाची? असे सेल पुन्हा पॅकमध्ये घालावेत का?