घरकुल मंजूर झालं, पण बांधायचं कुठं? (खानापूर तालुका, जि. सांगली)

घाटमाथ्यावरची:

नमस्कार. प्रश्न आमच्या वन्संचा आहे, लिहितेय मी.

वन्संचे मालक करोनात गेले. सासरी दिरांनी राहू दिलं नाही. तेव्हापासनं त्या दोन पोरांना घेऊन आमच्या मागच्या शेडात राहतात. शेड म्हणजे मूळचा म्हशींचा गोठा. वर पत्रा, तीन बाजूंनी कुडाच्या भिंती आणि चौथ्या बाजूला खताची रिकामी पोती उसवून, एकाला एक शिवून लावलेली. थोरली पोरगी दहावीला आहे. ती अभ्यासाला आमच्या सोप्यात येते आणि जेवायच्या वेळी बरोबर उठून जाते, कितीही थांब म्हटलं तरी. वन्सं विट्याला यंत्रमागावर कांड्या भरायला जातात.

यादीत नाव लागलं, प्रधानमंत्री आवासमधनं घरकुल मंजूर झालं, पेढेही वाटून झाले. आता ग्रामसेवक म्हणतात जागेचा उतारा आणा, तरच हप्ता पडेल. उतारा नसला तर नाव मागं जाईल.

गावठाणात आमचं जुनं घर आहे, पण ते तीन चुलत्यांत. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर सात नावं, त्यातली दोन वारलेल्यांची. मधली भिंत पडून झाड उगवलंय. कुणी बांधतही नाही आणि दुसऱ्याला बांधूही देत नाही.

आमचे मालक म्हणतात, रस्त्याकडच्या रानातले दोन गुंठे ताईला देऊन टाकू. तलाठी म्हणतात, तुकडेबंदी आहे, दोन गुंठ्यांची नोंद होत नाही. एक कार्यकर्ते सांगून गेले की गायरानात चार घरं आहेतच, पाचवं टाका, बघू काय होतंय ते. विकत घ्यावं म्हटलं तर डांबरी रस्ता झाल्यापासनं गुंठ्याचा भाव ऐकूनच पोटात गोळा येतो.

तर रानातली जागा वन्संच्या नावावर करायचा काही मार्ग आहे का? आणि दुसरं, १ लाख २० हजारांत खरंच घर उभं राहतं का? शेजारच्या दोघांची घरं लिंटेलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांवरच्या पट्ट्यापर्यंत, येऊन थांबलीत. वन्संकडं मोडायला म्हटलं तर कानातलं तेवढं आहे.

निवृत्त ग्रामसेवक (कडेगाव):

ताई, आधी हे सांगा, सातबारा कुणाच्या नावावर आहे? मामंजी हयात आहेत का? "मालक म्हणतात ताईला देऊ" असं तुम्ही लिहिलंय, पण ते रान मालकांचं झालंय की अजून मामंजींचंच आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मामंजींच्या एकट्याच्या नावावर असेल तर लेकीला बक्षीसपत्र त्यांनीच करून द्यावं. शेतजमीन किंवा राहतं घर आईबापांनी मुलाला-मुलीला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. भावानं बहिणीला दिलं तर ही सवलत नाही. म्हणजे तेच रान, तीच बहीण, पण सही कुणाची यावर खर्च बदलतो.

मामंजी नसतील तर वारसनोंदीत वन्संचं नाव लागलंय का ते फेरफारावर बघा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. आपल्याकडं तेराव्याच्या गडबडीतच बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. पुढं तीच बहीण पोरं घेऊन दारात आली की "दोन गुंठे देतो" हे उपकार केल्यासारखं बोललं जातं. तुमच्या घराला उद्देशून नाही हे. पण नोकरीत इतक्यांदा बघितलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता तुकडेबंदी. तलाठी म्हणतात ते खरं, पण अर्धंच. कायदा १९४७ चा आहे. त्याच्या नियमांत २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल यांच्यासाठी सवलत दिलीय. घरकुलाच्या लाभार्थ्याला १००० चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळू शकते. लाभार्थी खरा आहे का, हे जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडनं तपासून घेतात. तेव्हा दोन गुंठे विसरा. दोन गुंठे म्हणजे २१७८ फूट होतात. एक गुंठा १०८९, त्यामुळं तुम्हाला गुंठ्याहून जरा कमीच मिळेल. पण घरकुल असतं २६९ फुटांचं. मोरी, संडास, दोन शेळ्या बांधायला जागा, सगळं बसतं त्यात.

अर्जासोबत मंजुरीपत्राची प्रत लावा आणि पोच घ्या. कुणी तोंडी "होत नाही" म्हणालं तर तेवढंच कागदावर लिहून मागा. निम्म्या वेळा तिथंच काम पुढं सरकतं.

गायरानाच्या नादाला लागू नका. २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला, गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून, तेव्हापासनं गायरानावरचं नवं बांधकाम कायम होईल या भरवशावर कुणी वीट ठेवू नये. नोटीस येईल त्या दिवशी कार्यकर्ते परगावी असतात.

विकत घ्यायचीच वेळ आली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. ज्यांना जागाच नाही अशा लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाखापर्यंत मदत मिळते. पूर्वी ५० हजार होती. पंचायत समितीत घरकुलाचं टेबल जो सांभाळतो त्याला विचारा. मंजूर झालेल्यांनाही ही योजना बऱ्याचदा कुणी सांगितलेली नसते.

गलाईवाला:

मी तुमच्याच भागातला, आता कोइमतूरला. वडिलांपासनं गलाईचा धंदा, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायचा. गावात दोन मजली घर आहे, ते यात्रेला उघडतं आणि लग्न असलं तर उघडतं. आमच्या आळीत अशी कुलपं ओळीनं आहेत. घरं रिकामी आणि गावातली माणसं गोठ्यात, हे वाचून बरं वाटलं नाही.

भाड्यानं का देत नाही म्हणाल तर खरं सांगतो, भीती वाटते. घरातलं माणूस हजार किलोमीटरवर, उद्या भाडेकरू निघालाच नाही तर कोण येणार तारखांना? माझ्या चुलतभावानं एकाला दिलं होतं, ते प्रकरण अजून चालू आहे.

पण त्या सात नावांच्या उताऱ्याबद्दल सुचवतो. त्यातली दोन-तीन माणसं बाहेरगावीच असणार. त्यांना तुम्ही फोनवर विचारलं असेल, आणि फोनवर जागेला कुणी हो म्हणत नाही. लगेच वाटतं, काहीतरी शिजतंय. यात्रेला सगळे एका पंगतीला बसतात तेव्हा थोरल्या माणसाकडनं विषय काढा. आणि "जागा द्या" म्हणू नका, "वाटणी करून घेऊ" म्हणा. द्यायचं म्हटलं की प्रत्येकाला आपलं काहीतरी जातंय असं वाटतं.

कृष्णाकाठ:

आम्ही पलूसकडचे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर बघितलेले. जागा स्वस्त असेल तर ती का स्वस्त आहे हे पावसाळ्यात जाऊन बघावं, एवढंच सांगायला आलो. घाटमाथ्यावर कृष्णा येणार नाही, पण ओढा असतोच. आणि रस्त्याकडचं रान म्हणताय तर जोता उंच धरा. डांबरीकरण दर खेपेला जुन्या थरावर होतं, रस्ता वर चढत जातो आणि कडेची घरं खड्ड्यात जातात. आमच्या मामांच्या उंबऱ्यातनं आता पाणी आत येतं, नदीचं नाही, रस्त्याचं.

माणदेशी गवंडी:

वैनी, जागेचं काका सांगत्यात ते बरोबर. मी बांधकामाचं सांगतो. वडूजकडचा हाय, घरकुलाची कामं बरीच केल्यात.

१ लाख २० हजारांत घर होतं का, हा प्रश्न असा सोडवता येत नाही. माप काढा आन् त्याला तुमच्या गावचा आजचा भाव लावा. माप मी देतो.

बाहेरनं साडेबारा बाय साडेएकवीस फूट धरा. २६९ फूट झालं. नऊ इंची भिंत, मधी एक आडवी. आत ११ बाय ११ ची खोली आन् ११ बाय सव्वाआठचं स्वयंपाकघर निघतं. भिंती १० फूट उंच, दारं-खिडक्या सोडून साडेसहा ते सात हजार विटा लागतात. स्लॅब थोडा भिंतीबाहेर काढून ३०० फूट, पाच इंच जाडी, म्हंजे सव्वा ब्रास काँक्रीट (ब्रास म्हंजे १०० घनफूट). त्याला २८-३० पोती सिमेंट आन् पावणेतीनशे ते तीनशे किलो सळई. पाया, जोता, गिलावा, दारं-खिडक्या ह्याच्यावर वेगळं. भाव लावून बगा, घाम फुटंल.

घरं लिंटेलला का थांबतात ते आता कळंल. पहिला छोटा हप्ता सोडला तर बाकीचं हप्तं कामाच्या मागनं येत्यात, फुडं नाही. जोता झाल्यावर फोटो, मग पैसं. लिंटेल झाल्यावर फोटो, मग पैसं. गरिबाकडं मधल्या वेळचं पैसं नसतंय, दुकानदार उधारी देत नाही आन् सेंट्रिंगवाला दुसऱ्या गावाला जातो. त्यात लोक चूक काय करत्यात, तर पायालाच निम्मं पैसं घालवत्यात. मोठं घर बांधायचंय पुढं, म्हणून आताच पाचशे फुटांची आखणी. शेजाऱ्यानं कॉलम टाकलं म्हणून आपणबी कॉलम टाकायचं. एका मजल्याच्या दोन खोल्यांना कॉलम कशाला? भिंतीवर बसणारा स्लॅब टाका, सळई निम्मी वाचती.

पण काळी माती असंल तर पाया मुरमाला टेकंपर्यंत खाली न्यायचाच, तिथं चिकटपणा करू नका. काळी उन्हाळ्यात भेगाळती, पावसाळ्यात फुगती, भिंत तडकती. तुमच्याकडं रान मुरमाड असलं तर दोन-अडीच फुटांवरच मुरूम लागंल, ते नशीब समजा.

एक गोष्ट वाचवू नका, लिंटेलचा पट्टा. नुसतं दारावर तुकडा टाकून भागवत्यात. सगळ्या भिंतीवरनं सलग फिरवा, चार सळया घालून. मी पाटणकडं कामाला होतो. तिथली जुनी माणसं ११ डिसेंबर १९६७ चं सांगत्यात, कोयनेचा भूकंप. दगडमातीच्या भिंती बाहेरच्या बाहेर फाकल्या. पट्टा असला की चारी भिंती एकमेकीला धरून राहत्यात.

आता पैसं कुठनं वाढवायचं. जॉबकार्ड हाय का वन्संचं? नसंल तर पहिलं ते काढा. घरकुलावर ९० दिवस रोजगार हमीची मजुरी निघती. २०२५-२६ ला दर ३१२ रुपये होता, त्या हिशोबानं २८ हजार ८०. संडासाचं १२ हजार वेगळं. २०२५ ला राज्यानं ५० हजार वाढवून दिलं, पण त्यातलं १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला हाय, ते धरून चालू नका. घरकुलाला ५ ब्रास वाळू फुकट हाय, गाडीभाडं आपलं. कुठल्या घाटावरची पावती देत्यात ते आधी विचारा. लांबची दिली तर भाड्यात फुकटपणा निघून जातो.

घाटमाथ्यावरची:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री हे सगळं घरात वाचून दाखवलं.

काका, मामंजी हयात आहेत आणि सातबारा त्यांच्या एकट्याच्याच नावावर आहे. आमच्या मालकांनाही हे माहीत होतं, पण तसा विचार कुणी केला नव्हता. तुमचा हक्कसोडचा भाग वाचला तेव्हा मालक थोडे फणकारले, "मी कधी नाही म्हटलं?" म्हणाले. मामंजी मात्र उठून बसले आणि म्हणाले, माझ्या लेकीला मीच देणार, कागद आणा. मंजुरीपत्राची झेरॉक्स काढून ठेवलीय. सोमवारी तहसीलला जायचं ठरलंय. मी सोबत जाणार, कारण पोच मागायला मालक लाजतात.

जॉबकार्ड वन्संचं नाहीच. सासरच्या गावी होतं, नवऱ्याच्या नावाचं.

मिस्त्री, तुमचं माप घेऊन मालक विट्याला दुकानात जाऊन आले. स्लॅबसकट भाव लावला तर पैसे पुरत नाहीत, मजुरी आणि संडासाचे पैसे धरूनसुद्धा. वन्सं म्हणतात पत्राच टाकू, कर्ज नको. पोरीचं म्हणणं स्लॅब पाहिजे, पत्र्याखाली उन्हाळ्यात अभ्यास होत नाही. दोघींचंही खरं आहे. तुम्ही काय म्हणाल?

माणदेशी गवंडी:

वन्संचं ऐका आत्ता, पोरीचं नंतर. पत्र्याला अडचण नाही, मी केलेल्या पत्र्याच्या घरकुलांची बिलं निघाल्यात. मात्र भिंत नऊ इंचीच ठेवा आन् वर सलग पट्टा टाकून त्याच्यावर पत्रा बसवा, म्हंजे चार पैसं आल्यावर पत्रा काढून त्याच भिंतीवर स्लॅब पडंल. पत्र्याचा उतार दक्षिणोत्तर ठेवा, पश्चिमेची खिडकी लहान करा आन् पत्र्याला आतनं बांबूच्या तट्ट्या मारा. पोरीला दुपार जरा सुसह्य होईल.

नवीन जॉबकार्ड ग्रामपंचायतीत वन्संच्या नावानं मागा, तुमच्या कार्डात घुसवू नका. मजुरी त्यांच्या खात्यावर पडाय पायजे.

आखणीच्या दिवशी घरकुलाच्या अभियंत्याला बोलवून फोटो काढून घ्या, मापावरनं मागनं वाद नको. पाणी कसं हाय तिकडं? टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन सुरू असताना काम धरा, नाहीतर भिंतीला पाणी मारायला टँकर लागंल. आन् विटा पाऊस लागायच्या आत आणून टाका. मेच्या शेवटाला भट्ट्या बंद होत्यात, मग उरलेल्या विटंला भट्टीवाला म्हणंल तो भाव.