संकष्टीचा चंद्र आमच्याच गच्चीवर उशिरा का?

सिडकोची सूनबाई:
चैत्रातल्या संकष्टीला कॅलेंडरात चंद्रोदय १० चा होता, इथे नाशकात आमच्या गच्चीवर चंद्र दिसला १०.४० ला. सासूबाई ७६ वर्षांच्या, साखरेची गोळी चालू, पण अर्घ्य दिल्याशिवाय घास घेत नाहीत. मोदक दोनदा गरम केले. नागपूरच्या वन्सं तर पावणेदहालाच फोनवर, "वहिनी, आमचा निघाला बरं!" कोजागरीनंतरच्या संकष्टीला मात्र नाशकातही साडेआठ-पावणेनऊलाच निघालेला. गंगापूर धरणाच्या पाण्यासारखं चंद्राचंही आवर्तन ठरवतात की काय? कॅलेंडर मुंबईचं आहे, म्हणून चुकतंय का?

भूगोलवाले सर:
मुंबईचा दोष नाही. तिथे चंद्र आपल्यापेक्षा तीन-चार मिनिटं उशिराच उगवतो. नागपूर आपल्या पूर्वेला सव्वापाच अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून वन्संना वीसेक मिनिटं आधी.

आता अश्विन आणि चैत्र. चंद्र रोज पृथ्वीभोवती पुढे सरकतो, त्यामुळे उगवायला सरासरी ५० मिनिटं उशीर होतो. पण कोजागरीनंतर तो सरकता सरकता उत्तरेकडेही चढत असतो, म्हणून हा उशीर ४५ च्या आसपास येतो. चैत्र पौर्णिमेनंतर तो दक्षिणेकडे उतरतो, तेव्हा ५५ च्या घरात जातो. पौर्णिमेपासून संकष्टीपर्यंतच्या तीन-चार दिवसांत अर्धा-पाऊण तास इथेच गेला. शिवाय ऑक्टोबरअखेर सूर्य सहाला मावळतो, एप्रिलमध्ये सातच्या जवळ. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, म्हणजे सुरुवातच उशिरा.

पंचवटीकर:
सरांच्या हिशेबात तिथी राहिली. तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र-सूर्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून तिथी कधी १९ तासांची, कधी २६ ची. चंद्रोदयाला चतुर्थी असेल ती संकष्टी. मग चतुर्थी नुकतीच लागलेली असो की संपत आलेली. म्हणून तर एखाद्या संकष्टीला चंद्र जास्त कुरतडलेला दिसतो.

बाकी ४० मिनिटांचं कोडं सोपं आहे. पूर्वेला काय आहे तुमच्या?

सिडकोची सूनबाई:
सात मजली इमारत, दोन वर्षांपूर्वी झालेली! आमचं बैठं घर.

भूगोलवाले सर:
मग झालं. कॅलेंडरातली वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. हात ताठ करून मूठ धरा, ती साधारण १० अंश. चंद्र आपल्याकडे तासाला साधारण १२-१४ अंश चढतो. इमारत किती मुठी, ते मोजा.

सिडकोची सूनबाई:
मोजली. जेमतेम एक मूठ! सासूबाईंनीही मोजून पाहिली. त्यांची मूठ लहान, त्यांना सव्वा भरली, म्हणून माझ्यावर विश्वास नाही. पुढच्या संकष्टीला ताट घेऊन त्याच इमारतीच्या गच्चीवर जायचं ठरलंय. वॉचमनला दोन मोदक कबूल केलेत.