मदत हवी आहे: सही माझी नाही, तरी पास होतेय!
मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टात अडकलोय. बोने-लिन-शाकम यांची २००१ची बीएलएस डिजिटल सही, आणि तिचं गणित ज्यावर चालतं तो इलिप्टिक वक्र बीएलएस१२-३८१. पन्नास जणांनी एकाच मेसेजवर केलेल्या सह्यांची बेरीज ४८ बाइटांत मावते आणि दोन पेअरिंगमध्ये (वक्रावरच्या बिंदूंच्या जोडीवर करायचं गणित) पडताळणी उरकते. इथवर मजा आली.

मग रूममेटने 'त्याची खरी की वजा माझी की' अशी पब्लिक की (सही तपासायची जाहीर की) नोंदवली. पडताळणीत सगळ्यांच्या पब्लिक कींचीही बेरीजच वापरतात; त्या बेरजेत माझी की कटली आणि पठ्ठ्याने एकट्याने दोघांची सही पास करून दाखवली! याला रोग-की (rogue key) हल्ला म्हणतात. नावातच रोग आहे, आता औषध सांगा.

नोंदणीच्या वेळी प्रत्येकाकडून खाजगी की (जिने सही करतात ती गुप्त की) जवळ असल्याचा पुरावा घ्यावा, की बेरजेआधी प्रत्येक कीला हॅशमधून (डेटाचा ठराविक लांबीचा ठसा) काढलेला गुणक लावावा? माझ्याकडे सभासद रोज बदलतात. गाईड म्हणतात, 'दोन्ही चालेल.' प्रत्यक्ष कोणी केलंय का?