दुर्बिणीने पोट तपासणं: वहिनीचा अनुभव

सोनोग्राफी, सीटी स्कॅन दोन्ही नॉर्मल असताना पोटात दुर्बीण कशाला घालायची, असं कुणीतरी विचारलंय. अहो, नेमकं म्हणूनच! माझ्या वहिनीचं पोट चार महिने दुखत होतं, रिपोर्ट सगळे स्वच्छ. शेवटी इथे नाशकातच डायग्नोस्टिक लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी, केली. पोटाच्या आतल्या आवरणावर वरईच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके! सर्जननी फोटो दाखवला तेव्हा मी बघतच राहिले. एवढं बारीक स्कॅनमधून निसटू शकतं. तिथलाच तुकडा तपासायला पाठवला, टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती आता ठणठणीत आहे.

भूल पूर्ण देतात. बेंबीपाशी जेमतेम सेंटिमीटरभर छेद, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात, मग कॅमेरा आत. वहिनी दुसऱ्या दिवशी सिडकोत घरी आली. त्या रात्री तिचा खांदा इतका दुखला, की आम्ही सगळे जागे. उरलेल्या वायूमुळे तसं होतं आणि दोन-तीन दिवसांत थांबतं, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ताप आला किंवा पोटदुखी वाढत गेली तर मात्र लगेच दवाखाना गाठा. आणि पोटाचं आधी मोठं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनना आवर्जून सांगा, आतडी आतून चिकटलेली असू शकतात.