फ्लोटर पॉलिसी दुसऱ्या कंपनीतून आमच्याकडे पोर्ट होतेय: शाखेची जबाबदारी कुठवर?

मांडवीकाठ (पणजी)

नमस्कार. आमच्या शाखेत आरोग्य विम्याच्या पोर्टेबिलिटीचे (जमलेले फायदे राखून पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत हलवण्याचे) अर्ज आता माझ्या टेबलावर येतात. आत येणारे आणि बाहेर जाणारे, दोन्ही. नियम वाचलेत, पण समोरच्या अर्जाला ते नेमके कसे लावायचे याची खात्री हवी.

कुटुंब फोंड्याचं, पाच जणांचं. वडील ६३ वर्षांचे, आई ५८, मुलगा, सून, नात. चार वर्षं एका दुसऱ्या कंपनीची फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी), खंड नाही. पहिली दोन वर्षं विमा रक्कम ३ लाख, नंतरची दोन ५ लाख. आता आमच्याकडे १० लाखांची हवी आहे. वडिलांना मधुमेह आहे आणि तो जुन्या प्रपोजलमध्ये (विम्याच्या अर्जात) पहिल्यापासून जाहीर केलेला आहे. सून गेल्या नूतनीकरणाला जोडली गेली. पॉलिसी २८ सप्टेंबरच्या मध्यरात्री संपते. अर्ज आज, ४ ऑगस्टला आला.

जुन्या कंपनीने माहिती किती वेळात द्यायची, आणि आम्ही निर्णय किती वेळात? वेटिंग पिरियडचं (ठरावीक आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायच्या मुदतीचं) क्रेडिट, म्हणजे जुन्या कंपनीत भरलेल्या महिन्यांची वजावट, सगळ्यांना सरसकट चार वर्षांचं द्यायचं का? वडिलांना नाकारून बाकीच्यांना घेता येतं का? आणि उद्या क्लेमवर वाद झाला तर आमच्या फाइलमध्ये काय असायला हवं?

अंडररायटिंग_म्हापसा

पहिल्यांदा जुने तक्ते टेबलावरून काढा. पोर्टेबिलिटी १ ऑक्टोबर २०११ पासून आहे, आणि ‘जुन्या कंपनीला ७ कामाचे दिवस, नव्या कंपनीला १५ दिवस’ हा हिशेब बऱ्याच शाखांत अजून तोंडपाठ आहे. तो गेला. आता विमा नियामक आयआरडीएआयची विमा उत्पादनांविषयीची २०२४ची नियमावली आणि आरोग्य विम्यावरचं २९ मे २०२४चं मास्टर सर्क्युलर चालतं. त्यानुसार इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या पोर्टलवर विनंती गेल्यापासून जास्तीत जास्त ७२ तासांत जुन्या कंपनीने माहिती द्यायची, आणि ती मिळाल्यापासून जास्तीत जास्त ५ दिवसांत तुम्ही निर्णय घेऊन ग्राहकाला कळवायचा.

ग्राहकाने अर्ज कधी करायचा याबद्दल बहुतेक पॉलिसींच्या शर्तींत अजून ‘नूतनीकरणाआधी ४५ ते ६० दिवस’ असं छापलेलं असतं. तुमच्या केसमध्ये ती खिडकी ३० जुलै ते १४ ऑगस्ट, म्हणजे अर्ज वेळेत आहे. तो आजच पोर्टलवर चढवा. अर्ज आठ दिवस ड्रॉवरमध्ये राहिला तर ७२ तासांचं घड्याळ सुरूच होत नाही, आणि हा उशीर तुमचा असतो, जुन्या कंपनीचा नव्हे.

आता क्रेडिट. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहितो. क्रेडिट पॉलिसीला सरसकट मिळत नाही. ते प्रत्येक सदस्याला, आणि त्या सदस्याच्या विमा रकमेच्या प्रत्येक थराला वेगळं मिळतं. वडिलांचं उदाहरण घ्या. २८ सप्टेंबरला पहिल्या ३ लाखांवर त्यांचे ४८ महिने पूर्ण होतात. तिसऱ्या वर्षी वाढलेल्या २ लाखांवर २४ महिने. तुमच्याकडे नव्याने वाढणाऱ्या ५ लाखांवर शून्य. पूर्वीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड आता ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तुमच्या पॉलिसीत तो पूर्ण ३६ धरला, तर मधुमेहासाठी ३ लाख पहिल्या दिवसापासून मोकळे, पुढचे २ लाख आणखी १२ महिन्यांनी आणि वरचे ५ लाख पूर्ण ३६ महिन्यांनी.

मोरेटोरियमचंही तसंच. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणाने पॉलिसी किंवा क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत २०२४ आधी आठ वर्षांची होती. वडिलांना ३ लाखांवर आणखी १२ महिने, २ लाखांवर ३६, नव्या ५ लाखांवर ६०.

सुनेचे जुन्या ५ लाखांवर सगळ्याच बाबतीत १२ महिने. प्रसूतीचा वेटिंग पिरियड दोन्हीकडे २४ महिन्यांचा असेल तर तिला आणखी १२ महिने थांबावं लागेल. पण जुन्या पॉलिसीत प्रसूतीचं संरक्षणच नसेल, तर तिथे काही सोसलेलंच नाही, मग क्रेडिट कशाचं? हे अर्ज घेतानाच तिला स्पष्ट सांगा. जुना बोनस (क्लेम न केल्याबद्दल वाढलेली विमा रक्कम) जमा असेल तर तेवढ्या रकमेपर्यंतचं क्रेडिटही विसरू नका. पहिल्या ३० दिवसांचा वेटिंग पिरियड पोर्ट झालेल्या रकमेवर पुन्हा लावायचा नाही. आमच्या सिस्टीममध्ये नवी पॉलिसी ‘फ्रेश’ म्हणून टाकली की तो आपोआप लागतो, तुमच्याकडेही तपासून पाहा.

हा सगळा हिशेब पॉलिसीच्या शेड्युलवर (तपशिलाच्या पानावर) सदस्यवार छापलेला असला पाहिजे: पहिली सुरुवात कधी, कोणत्या थरावर किती महिने. ईमेलमध्ये लिहून भागत नाही. तीन वर्षांनी क्लेम बघणारा माणूस शेड्युल उघडतो, तुमचा मेलबॉक्स नाही.

वडिलांना नाकारण्याबद्दल: पोर्टेबिलिटी म्हणजे नव्या कंपनीवर स्वीकाराची सक्ती नव्हे. संचालक मंडळाने मंजूर केलेल्या तुमच्या अंडररायटिंग (जोखीम पारखून स्वीकारायची की नाही हे ठरवण्याच्या) धोरणाप्रमाणे नाकारता येतं, पण कारण लेखी द्यावं लागतं आणि ते त्या धोरणात बसलं पाहिजे. ‘वय जास्त’ एवढंच लिहून पाठवू नका. विमा घ्यायला ६५ची जी अट असायची ती १ एप्रिल २०२४ पासून गेली आहे, आणि तुमचे ग्राहक तर ६३चेच आहेत. शिवाय पोर्टसाठी म्हणून वेगळं शुल्क लावता येत नाही.

कायदा_मडगाव

वरचा थरांचा हिशेब बरोबर आहे. ‘नाकारता येतं’ यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. पाच जणांच्या फ्लोटरमधून चार जण निघाले आणि वडील मागे राहिले, तर त्यांचं काय होणार हे जुनी पॉलिसी संपण्याआधी ठरलं पाहिजे. जुनी कंपनी आधी घेतलेल्या क्लेमचं कारण देऊन नूतनीकरण नाकारू शकत नाही, त्यामुळे वडिलांना तिथेच वैयक्तिक पॉलिसीत चालू राहण्याचा मार्ग आहे. त्याची लेखी खात्री हातात येईपर्यंत मुलाला जुनी पॉलिसी सोडायला सांगू नका. तुमचा नकार २५ सप्टेंबरला पोचला तर तो नियमात बसत असला तरी त्या माणसाला संरक्षणाशिवाय रस्त्यावर आणतो, आणि ग्राहक आयोगासमोर हीच वस्तुस्थिती सेवेतली त्रुटी म्हणून मांडली जाईल.

आता फाइल. ग्राहकाची सही असलेला पोर्टेबिलिटी फॉर्म आणि प्रपोजल फॉर्म. चारही वर्षांची जुनी शेड्युल्स, फक्त शेवटच्या वर्षाचं नव्हे, कारण ३ लाखांचे ५ लाख कधी झाले हे त्यातूनच कळतं. पोर्टलवर विनंती आणि उत्तर गेल्या-आल्याची वेळ दाखवणारी नोंद. जुन्या कंपनीने पाठवलेला क्लेमचा इतिहास. तुमचा निर्णय आणि तो कळवल्याचा पुरावा. कस्टमर इन्फर्मेशन शीट (पॉलिसीचा सोप्या भाषेतला सारांश) मिळाल्याची पोच. तुमचा वेटिंग पिरियड जुन्यापेक्षा मोठा असेल, तर तो फरक ग्राहकाला दाखवून त्याखाली घेतलेली सही.

क्लेमचा इतिहास आणि नव्या प्रपोजलमधली उत्तरं शेजारी ठेवून वाचा. जुन्या कंपनीकडे अँजिओग्राफीचा क्लेम दिसतोय आणि नव्या फॉर्मवर हृदयविकारासमोर ‘नाही’ लिहिलंय, तर पॉलिसी देण्याआधीच विचारा. फॉर्म बहुतेक वेळा एजंट भरतो, ग्राहक फक्त सही करतो. हातात माहिती असूनही न विचारता प्रीमियम घेतला आणि क्लेमच्या वेळी ‘लपवलं’ म्हटलं, तर ते टिकणं अवघड आहे. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं आहे की प्रकृतीची स्थिती तपासून पॉलिसी दिल्यावर, विमाधारकाने जाहीर केलेल्या त्याच स्थितीकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

गोव्यातल्या ग्राहकाचा पुढचा रस्ता तुम्हाला माहीत असलेला बरा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयचं तक्रारींचं बिमा भरोसा पोर्टल. समाधान झालं नाही किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तर विमा लोकपाल. गोवा मुंबईच्या लोकपाल केंद्राखाली येतो आणि तिथे ५० लाखांपर्यंतचे वाद फुकट चालतात. प्रपोजलशी न जुळणारी पॉलिसी देणं हे तिथे तक्रारीचं स्वतंत्र कारण आहे, म्हणजे शेड्युलवरची चुकलेली तारीखसुद्धा. लोकपालांचा निवाडा ३० दिवसांत पाळला नाही तर तक्रारदाराला दर दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात.

मांडवीकाठ (पणजी)

दोघांचेही मनापासून आभार, देव बरें करूं. थरांचा तक्ता आजच बनवतो. अजून दोन शंका. जुन्या कंपनीची माहिती ७२ तासांत आलीच नाही तर? आणि प्रीमियम कधी घ्यायचा? ग्राहक आजच चेक द्यायला तयार आहे.

विमा_डिचोली

चेक आज घेऊ नका. निर्णय होण्याआधी पैसे घेतले की ग्राहक ‘आपला विमा झाला’ असं धरून चालतो आणि जुन्या पॉलिसीचं नूतनीकरण सोडून देतो. कायद्याने, विमा अधिनियमाच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे, प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. पण त्याचा अर्थ पैसे आले म्हणजे स्वीकार झाला असा नाही. ग्राहकाला यूपीआय चालत असेल तर बिमा-आस्बा वापरा. रक्कम त्याच्याच खात्यात अडकवून ठेवली जाते आणि तुम्ही स्वीकारलं तरच कापली जाते. नवी पॉलिसी २८ तारखेची मध्यरात्र उलटताच, म्हणजे २९ सप्टेंबरच्या ० वाजल्यापासून सुरू झाली पाहिजे. मध्ये एक दिवसही मोकळा सोडू नका. दर सांगताना जुनी कोष्टकंही वापरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आणि १८ टक्के धरून सांगितलेला आकडा ग्राहकाला पळवून लावतो.

७२ तास उलटले तर पोर्टलवरच्या नोंदीसह त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, प्रत ग्राहकाला द्या. ‘त्यांच्याकडून माहिती आली नाही’ एवढ्यावर अर्ज बंद करायचा नाही. बहुतेक वेळा मुद्दाम अडवलेलं नसतं, नाव जुळत नसतं. आपल्याकडे एकच आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेलं असतं: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं, आधारवर दुसरं, जुन्या पॉलिसीवर तिसरं. सुनेचं तर माहेरचं नाव आणि सासरचं नाव असा आणखी घोळ. १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक पॉलिसीला केवायसी सक्तीचं आहे, त्यामुळे पाचही जणांची नावं आधार आणि जुनं शेड्युल शेजारी ठेवून आजच तपासा. फरक असेल तर आधी जुन्या कंपनीकडून दुरुस्तीचं एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचा कागद) घ्यायला सांगा. चवथीच्या आठवड्यात फोन उचलायलाही कोणी मिळत नाही, हे धरून मागे मोजा.

बाहेर जाणाऱ्या अर्जांना हेच उलट बाजूने लागू आहे. तुमचे ७२ तास पाळा आणि सदस्यवार, वर्षवार विमा रक्कम पूर्ण पाठवा. फक्त चालू वर्षाची रक्कम पाठवली की तिकडचा माणूस थर लावू शकत नाही आणि त्याचा फटका तुमच्या जुन्या ग्राहकाला बसतो. माहिती पाठवण्याआधी ‘राहा, सवलत देतो’ म्हणून ग्राहकाला फोन करत बसण्यात ते तास घालवू नका. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यातली नोकरी सोडून गटविम्यातून येणाऱ्यांना मात्र थेट पोर्टचा फॉर्म देऊ नका. आधी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन (बदली), मग पोर्ट, हा मार्ग सुरक्षित. आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड दाखवून कोणी ‘पाच वर्षं विमा आहे’ म्हणालं तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. ती सरकारी योजना आहे, पोर्ट होणारी पॉलिसी नाही. हे अर्ज घेतानाच सांगा.

अंडररायटिंग_म्हापसा

डिचोलीकरांच्या मुद्द्याला एक जोड. पॉलिसी हाती पडल्यावर ग्राहकाला ३० दिवसांची फ्री-लूक मुदत (पॉलिसी वाचून, नको असल्यास परत करण्याची) असते. त्या मुदतीत त्यांना शाखेत बोलावून शेड्युलवरची प्रत्येक सदस्याची सुरुवातीची तारीख आणि थर त्यांच्या जुन्या कागदांशी ताडून घ्या. चूक निघाली तर एंडोर्समेंट लगेच काढा आणि दुरुस्त शेड्युल पुन्हा पाठवा. ही दुरुस्ती आता दहा मिनिटांची आहे. वडील गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगी इस्पितळात दाखल झाल्यावर तीच काढायला गेलात तर क्लेम विभाग पहिला प्रश्न विचारेल, ही तारीख आताच का बदलली?